शब्दवहीतलं पान एकशे सतरा

१

कौतिक नानांच्या शब्दवहीतलं एकशे सतरावं पान शुक्रवारी दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यान नाहीसं झालं.

शनिवारी सकाळी धुळ्याहून पाळक शामुवेल वळवींचा फोन आला, तेव्हा झुलाल बोरसे पिंप्राळ्यातल्या घरी गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. वळवींची ओळख त्याहून जुनी. चर्चची घंटा चोरीला गेली होती तेव्हाची.

"आबा, एक पान चोरीला गेलंय," वळवी म्हणाले.

"कसलं पान?"

"वहीचं. पोलिसात जायची माझी इच्छा नाही. कमिटीची आहे. मंगळवारी चार वाजता बैठक आहे, त्यात तक्रार लिहून होणार."

मे महिना होता. बाहेर रस्ता आत्ताच पांढरा दिसायला लागला होता. कोणी काय चोरलं, कोणी का चोरलं, या प्रश्नांचा आबांना आता कंटाळा आला होता. चौतीस वर्षांत त्यांनी बरेच चोर पकडले, आणि पकडल्यावर आनंद झाला असे त्यात तीन-चारच निघाले. ते नाही म्हणणार होते.

"नासीरचं नाव देणार आहेत," वळवी म्हणाले. "नासीर पिंजारी. तुमच्याच पिंप्राळ्यातला."

धर्मग्रंथाचं काम, मुसलमान पोरगा आणि सही-शिक्क्याची तक्रार. असा कागद एकदा ठाण्यात गेला की पुढे पान सापडो न सापडो, काही फरक पडत नाही. असे कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. ठाण्यात ते सव्वीस वर्षं रायटर होते. बाई सांगायची, "त्यानी माले झोडं," आणि ते लिहायचे, "सदर इसमाने मला मारहाण केली." माणसं बोलली एक आणि कागदावर उतरलं दुसरं, याचं ओझं निवृत्तीनंतरही गेलं नव्हतं.

त्यांनी तेलाची बाटली बंद केली आणि अकराची बस धरली.

२

भाषांतर केंद्र म्हणजे चर्चच्या मागच्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा. एकवीस वर्षांपासून तिथे बायबल अहिराणीत आणायचं काम चाललं होतं. रूथ नावाच्या बाईची छोटी गोष्ट आधी छापायची ठरली होती आणि तिच्यासोबत कौतिक नानांची शब्दवही.

नाना प्राथमिक शाळेतले गुरुजी. ख्रिस्ती नव्हते. पण बोलीचं वेड असं, की सायकलवरून गावोगाव फिरून त्यांनी शब्द गोळा केले. प्रत्येक शब्दाला एक पूर्ण पान. शब्द आला कुठून, त्याचे अर्थ किती, आणि तो कोणत्या गावात, कोणाच्या तोंडून, कोणत्या वाक्यात ऐकला, हे सगळं त्यावर. दुसरी प्रत त्यांनी कधी करू दिली नाही. पाच महिन्यांपूर्वी ते गेले, आणि आता नासीर मंगळवारी आणि शुक्रवारी स्कॅनर घेऊन येत होता.

"शुक्रवारी दीड वाजता नासीर जुम्म्याच्या नमाजाला गेला," वळवींनी सांगितलं. "वही टेबलावर. मी माझ्या खोलीत होतो. किरणताई जेवत होत्या. भिकुबाई व्हरांड्यात. संध्याकाळी किरणताईंनी वही उघडली तर पान नाही."

"भिकुबाई कोण?"

"दोंडाईचाजवळच्या खेड्यातल्या. अहिराणी तपासायला येतात. आम्ही वाचून दाखवतो, त्या चुका काढतात. स्वतःला वाचता येत नाही, पण कान असा की काय सांगू. मी नवापूरचा, किरणताई नाशिकच्या. आमच्यात खरी अहिराणी त्यांचीच."

आबांनी वही हातात घेतली. मोठे ताव मधोमध दुमडून घरीच शिवलेली जाडजूड वही. एकशे सोळानंतर थेट एकशे एकोणीस. मध्ये दुमडीला लागून फाटल्याची कड. त्यांनी आणखी काही पानं उलटली. एका तावाची दोन पानं होतात. एक फाडलं की त्याच्या जोडीचं पान सुटं होऊन गळायला हवं. ते गळालं नव्हतं. आबांनी चष्मा पुसून पाहिलं. जोडीच्या पानाच्या बुडाशी बारीक, सारखे टाके होते. दोरा लाल.

"हे कोणी शिवलं?"

"नानांनीच शिवलं असेल कधीतरी."

"नानांचा दोरा पिवळा पडलाय. हा कालचा वाटतो."

वळवी वाकून बघत राहिले. ज्याने पान फाडलं, त्यानेच बसून वही शिवली होती.

३

किरण भालेराव पस्तिशीच्या. हिब्रू शिकून आलेल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्रभर झोप नव्हती, असं त्यांनीच सांगितलं.

"पान कुठल्या शब्दाचं होतं, कळेल का?" आबांनी विचारलं.

"कळेल. मागे नानांची शब्दसूची आहे." त्यांनी शेवटची पानं उघडली. "एकशे सतरावर 'कडू'. त्याच्या पाठीवर, एकशे अठरावर 'कुवारी'." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू? भांडण त्या 'कुवारी'चंच आहे. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात एका होणाऱ्या आईसाठी 'अल्मा' असा हिब्रू शब्द आहे. त्याचा साधा अर्थ तरुण मुलगी. पाळकसाहेबांना तिथे असा शब्द हवा की तिला पुरुषाचा स्पर्श नाही हे ठसठशीत कळेल. ते म्हणतात, 'कुवारी' लिहा. नानांनी लिहून ठेवलं होतं की खेड्यात 'कुवारी' म्हणजे नुसती लग्न न झालेली. गेल्या महिन्यात साहेबांनी टेबलावर हात आपटला होता."

"म्हणजे तुम्हाला वाटतं साहेबांनी पान काढलं."

"मला असं वाटायला नको. पण वाटतं."

"मघाशी ते मला म्हणाले, तुम्ही काढलं. तुम्हीच ते लपवून त्यांच्यावर ढकलताय."

किरणताई हसल्या, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "पाच वर्षं एका टेबलावर बसतो आम्ही."

आबांनी सूचीवरून बोट फिरवलं. 'कुवारी' जागेवर होता. 'कडू' पण. कोणी खोडलं नव्हतं. लिहितं-वाचतं माणूस एवढं पान पळवील आणि मागे सूची तशीच ठेवील?

"या शब्दांवर काय लिहिलं होतं, तुम्ही पूर्वी वाचलं होतं?"

"'कुवारी' वाचलं होतं. 'कडू' नाही. तेच बघायला तर शुक्रवारी वही उघडली." त्यांनी भिंतीवर टाचलेला कागद दाखवला. रूथचा पहिला अध्याय. "ही नामी, रूथची सासू. नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, आणि ती गावी परत येते. बायका विचारतात, ही नामीच का? हिब्रूत नामी म्हणजे गोड, सुखाची. ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. आता आपल्याकडे 'मारा' लिहिलं तर लोक समजतील, बाई मार मागतेय. म्हणून मी सरळ अर्थच घातला."

आबांनी वाचलं. *माले नामी म्हनू नका, माले कडू म्हना.*

त्यांनी ते पुन्हा वाचलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे भिकुबाईंना वाचून दाखवलंत?"

"गेल्या मंगळवारी. नेहमी दहा चुका काढतात. या वेळी काहीच बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, वहीतलं छापणार ते माणसांच्या नावासकट का? मी म्हटलं, हो, जसंच्या तसं."

आबा खुर्चीवरून उठले. गुडघा कटकन वाजला. त्या वाक्यात काय चुकलंय हे त्यांना कळलं होतं, पण ते या बाईला सांगावं की नाही हे कळत नव्हतं.

४

रविवारी ते नासीरच्या दुकानात गेले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि शाळेचे दाखले टाइप करून देणारं दुकान. शटर अर्धं खाली होतं. नासीर आत एकटाच बसला होता.

"आबा, तुम्ही पण विचारायला आले?"

"विचारायला आलो. आळ घ्यायला नाही."

नासीरने खुर्ची पुसून दिली. त्याची बायको मिसबाह मागच्या दाराने पाण्याचा तांब्या ठेवून गेली. जाताना तिने आबांकडे असं पाहिलं, की त्यांनी पाणी प्यायच्या आधी नजर खाली घेतली.

"चार महिने झाले जातोय मी तिथे," नासीर म्हणाला. "ती वही माझ्याकडे अमानत होती. किरणताईच सांगत होत्या एकदा, तुमचं अमानत, तुमचं आमीन आणि आमचं आमेन, तिन्ही एकाच मुळातून आलेत. मला बरं वाटलं होतं. आता तेच लोक म्हणतात, मुसलमानाच्या हातात दिली म्हणून पान गेलं."

"ताई तसं म्हणाल्या?"

"ताई नाही म्हणाल्या. पण कमिटी म्हणाली तेव्हा गप्प बसल्या."

आबांनी तांब्या खाली ठेवला. "नमाजाला गेलास तेव्हा वही उघडीच टाकून गेलास?"

नासीर माऊसशी चाळा करत राहिला.

"बोल, नासीर."

"भिकुअक्काला सांगून गेलो होतो. वहीकडे लक्ष ठेव म्हणून."

"हे कमिटीला सांगितलंस?"

"कसं सांगू? म्हातारी बाई आहे. माझ्यावरचं उचलून तिच्यावर टाकलं असतं. माझ्यासाठी डब्यात कळण्याची भाकर आणते ती." मग काही आठवून म्हणाला, "तिचा जीव आहे त्या वहीत. माझ्या बाजूला बसून पानं उलटताना बघायची. नानांनी मधे मधे चित्रं काढलीत ना, झाडं, अवजारं. दर खेपेला विचारायची, कितलं झायं? शुक्रवारी विचारलं, कडूनिंबनी डहाळी ऊनी का? मी म्हटलं, अक्का, अजून शंभरावर आहे. मंगळवारी येईल."

आबांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं होतं तसंच होतं सगळं, आणि तसं नसतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

वाचता येणाऱ्याला नको असलेली ओळ सापडते. तो तेवढीच ओळ काळी करतो, फार तर कापतो, आणि सूचीतला शब्दही खोडतो. अख्खं पान नेतो तो, ज्याला ओळ कुठे आहे ते कळत नाही. पान मात्र कळतं, कारण त्यावर कडुलिंबाची डहाळी काढलेली असते. आणि चोरून नेताना वहीचं दुसरं पान गळू नये म्हणून जो टाके घालतो, त्याचं त्या वहीशी काही वैर नसतं.

"कळलं का आबा, कोण ते?" नासीरने विचारलं.

"मंगळवारी चारला धुळ्याला ये," आबा म्हणाले. "स्कॅनर घेऊन ये."

५

मंगळवारी सकाळच्या गाडीने ते दोंडाईच्याला उतरले आणि रिक्षाने खेड्यात गेले. भिकुबाई ओट्यावर गोधडी शिवत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर लाल दोऱ्याचे टाके, बारीक, सारखे.

"बसा भाऊ. पानी पिवा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पोलीस शेतस ना? शनवारले देखात मी तुमले, धुयाना फाटावर. पाळकसाहेबसंगे."

"व्हतू पोलीस. आते नही."

पाणी पिऊन झाल्यावर आबा म्हणाले, "अक्का, वहीनं दुसरं पान शिवी काढं, ते चांगलं करं तुम्ही."

सुई थांबली. बाईंनी वर पाहिलं नाही.

"पडी जातं ते," त्या म्हणाल्या. "नानाना हातनं पान. त्याले कसं पडू देवानं?"

मग त्या शिवता शिवता बोलल्या. त्यांच्या आईचं नाव सुंदरबाई. तिचं लग्न झालंच नाही. गावात घरं दोन प्रकारची असत. लग्नातली लेकरं ती गोड, बिनलग्नाची ती कडू. भिकुबाईंना दहा वर्षांच्या होईपर्यंत कोणी नावाने हाक मारली नाही. पाणवठ्यावर, शेतात, सगळीकडे, "ये कडू!"

"नानानी इचारं, अक्का, कडू म्हनजे काय काय? मी सांगी दिधं. बठ्ठं. मायनं नाव, त्या मानूसनं नाव. नाना लिखत ऱ्हायना. मी म्हनं, लिखा, कोन वाचस! मंग किरणबाईनी सांगं, छापाई जाई, नावेसनासंगे. माले काय, मी पची गयी शे त्या शब्दले. पन मनी माय मरी गयी, आनि आते देवना पुस्तकजोडे तिनं नाव, वर तो शब्द? नही भाऊ."

"सांगतात तं त्यासनी काढी टाकं असतं."

"सांगाले तो शब्द परत तोंडमा लेना पडता. साहेबना समोर."

सव्वीस वर्षं बायका त्यांच्यासमोर बसून असेच शब्द पुन्हा तोंडात घेत होत्या, आणि ते लिहून घेत होते.

"नासीरवर आळ ऊना शे, अक्का," ते हळूच म्हणाले.

बाईंच्या हातातली गोधडी खाली गेली. "त्या पोऱ्यावर? कसाले?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. शनिवारी फाट्यावर त्यांना दोघे नुसते लांबून दिसले होते; शुक्रवारपासून केंद्रातलं कोणी त्यांच्याशी बोललंच नव्हतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि डाळीच्या डब्यातून घडी केलेलं पान घेऊन आल्या. पानावर हिरव्या पेन्सिलीने काढलेली कडुलिंबाची डहाळी होती.

आबांनी वाचलं. नानांचं वळणदार अक्षर. *कडू. मूळ संस्कृत कटु. १. चवीने कडू. २. बिनलग्नाच्या संबंधातली संतती. याच्या उलट गोड. शिवीसारखा वापर.* खाली सात-आठ ओळींची ती हकिकत, नावांसकट. आणि शेवटी लाल शाईत: *सूचना. रूथच्या गोष्टीत हा शब्द बाईला लावू नये.*

"जाळं का नही मंग?"

"चूल पेटाडी व्हती," बाई म्हणाल्या. "पन यामा मायनं नाव शे. दुसरं कोठेच नही शे तिनं नाव. रेशनना कागदवर नही, सातबारावर नही. कोठलं शे ते? माले दखाडा."

आबांनी त्यांचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. सुंदरबाई. बोट राठ होतं, सुईने टोचून टोचून निबर झालेलं. ते तिथून लवकर हललं नाही.

मग आबांनी खिशातून कागद काढला आणि पानाची नक्कल करायला बसले. दोन्ही बाजू उतरवल्या. फक्त त्या सात-आठ ओळी सोडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाचा जबाब जाणूनबुजून गाळला. मूळ पान त्यांनी घडी करून भिकुबाईंना परत दिलं.

"चाला," ते म्हणाले. "आज तुमना धुयाना दिन शे."

६

चार वाजता केंद्रात पंखा फिरत होता आणि कोणाला वारा लागत नव्हता. कमिटीचे सेक्रेटरी टाइप केलेली तक्रार घेऊन बसले होते. नासीर व्हरांड्यात, स्कॅनरची पिशवी मांडीवर घेऊन. त्याला आत कोणी बोलावलं नव्हतं.

आबांनी नक्कल टेबलावर ठेवली. "पान सापडलं. त्यातलं कामाचं सगळं यात आहे."

"मूळ पान?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ते मिळणार नाही."

"कोणी घेतलं होतं?"

"सांगणार नाही."

"म्हणजे तुम्ही चोराला पाठीशी घालताय!"

"चोर नाही कोणी. ज्याचा मजकूर होता, त्याने तो परत घेतला. नासीरने नाही, किरणताईंनी नाही, साहेबांनीही नाही. एवढंच सांगायला आलो." आबांचा आवाज वर गेला नाही. त्यांना फार थकल्यासारखं झालं होतं. "ती खालची सूचना तेवढी वाचा. मग तक्रार कोणावर करायची ते ठरवा."

वळवींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंतीवरचा कागद काढून शेजारी ठेवला. किरणताईंनी खांद्यावरून वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. एक हजार प्रती छापून खेड्यापाड्यांत जाणार होत्या, आणि त्यात दुःखात बुडालेली नामी गावातल्या बायकांना सांगणार होती की मला शिवी द्या.

वळवी उठले, सेक्रेटरींच्या हातातला कागद त्यांनी घेतला आणि व्हरांड्यात गेले. आतून ऐकू येत होतं.

"नासीर, चूक आमची झाली. मी गप्प बसलो, ते फार वाईट केलं."

"ठीक आहे साहेब."

"आत ये."

"येतो. हे काम मी पूर्ण करून देतो," नासीर म्हणाला. "पण यापुढचं मला देऊ नका."

नासीर आत आला, स्कॅनरची वायर लावली आणि वही उघडून एकशे एक नंबरचं पान काचेवर ठेवलं. सेक्रेटरी केव्हा निघून गेले ते कोणी पाहिलं नाही.

भिकुबाई कोपऱ्यात नेहमीच्या जागी बसल्या होत्या. किरणताई त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या. त्यांनी कोरा कागद पुढे घेतला.

"अक्का, हे वाक्य मला जमलं नाही. नामीने काय म्हणावं?"

बाईंनी थोडा विचार केला. "तिनं नाव तिले लेऊ दे. मारा तं मारा. खाले काय ते समजाडी सांग." मग एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "माले नामी म्हनू नका, मारा म्हना. देवनी मना जीव कडू करी टाका." आणि जरा थांबून, "जीव कडू व्हस, बाई. मानूस नही."

किरणताईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. बाईंनी मान हलवली.

"हे शब्दवहीतही घालते. खाली कोणाचं नाव लिहू? तुमचंच ना?"

"नही. सुंदरबाई लिख."

"सुंदरबाई कोण?"

"मनी माय. ती अशीच म्हने, मना जीव कडू व्हई गया."

किरणताईंनी मान वळवून आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. किरणताईंनी वाक्याखाली नाव लिहिलं आणि कागद भिकुबाईंसमोर धरला.

भिकुबाई पुढे वाकल्या. त्या अक्षरांवरून त्यांनी बोट सावकाश फिरवलं.

"बराबर शे," त्या म्हणाल्या.